मीझाब ते पन्हळ : छपरावरच्या पाण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तहनामे आणि सनावळ्या आठवतात. माणसाने घर बांधले त्या दिवसापासून त्याची एक लढाई मात्र रोज चालू आहे आणि तिच्यावर कोणी बखर लिहिलेली नाही. ती लढाई पाण्याशी आहे. छप्पर पाणी अडवते, हे आपण सगळे जाणतो. पण अडवलेले पाणी कुठे जाते? ते छपराच्या कडेला येते आणि नेमके भिंतीच्या पायथ्याशी पडते. म्हणजे डोके कोरडे ठेवण्यासाठी जी सोय केली, तीच पायाच्या मुळावर उठते. हे पाणी उचलून घरापासून दूर कसे सोडायचे, कोणाच्या अंगणात सोडायचे, आणि त्यावरून भांडण झाले तर न्याय कसा करायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना माणसाने वास्तुकला घडवली, कायदा घडवला आणि भाषाही घडवली.

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. त्यामुळे शब्दांपासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते. छपराच्या कडेला मराठीत वळचण म्हणतात, उर्दूत ओलती. तिथून गळणाऱ्या धारा म्हणजे पागोळ्या. पाणी गोळा करून बाहेर फेकणारी नळी मराठीत पन्हळ, उर्दूत परनाला आणि अरबीत मीझाब. आढ्याचे पाणी शेवटी वळचणीलाच यायचे, असे आपली म्हण सांगते. पण वळचणीचे पाणी पुढे कुठे जावे, याबद्दल म्हण गप्प आहे. खरा इतिहास तिथूनच सुरू होतो.

काबागृहाचे छप्पर आणि त्याचा मीझाब

जगातला सर्वांत प्रसिद्ध परनाला मक्केत आहे. हज किंवा उमरा करून आलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. काबागृहाच्या छपरावरून हतीमच्या बाजूला बाहेर आलेला, सोन्याने मढवलेला मीझाब. लोक त्याला मीझाबे रहमत म्हणतात. पाऊस आला की त्याच्याखाली उभे राहण्यासाठी गर्दी होते. श्रद्धेच्या नजरेने आपण त्याच्याकडे पाहतोच. थोडे गवंड्याच्या नजरेनेही पाहिले तर त्याची गोष्ट अधिक उलगडते.

सीरतच्या ग्रंथांनुसार काबागृहाला सुरुवातीला छप्परच नव्हते. चार भिंती होत्या आणि वर आकाश. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वय सुमारे ३५ वर्षांचे असताना, म्हणजे इ.स. ६०५ च्या आसपास, कुरैश टोळीने ही वास्तू नव्याने बांधायला घेतली. पुराच्या पाण्याने भिंती खिळखिळ्या झाल्या होत्या. मक्का डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात वसलेली आहे. पाऊस क्वचित पडतो, पण पडला की आजूबाजूच्या डोंगरांचे पाणी थेट हरमकडे धावते. जिद्द्याजवळच्या किनाऱ्यावर फुटलेल्या एका जहाजाचे लाकूड कुरैशांनी विकत घेतले, भिंतींची उंची वाढवली आणि पहिल्यांदाच वर छप्पर घातले. छप्पर आले, म्हणून मीझाब आला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या, कारण एकीवाचून दुसरी अपुरी आहे. सपाट छपराला पाण्याची वाट दिली नाही तर पाणी वर साचते, मुरते आणि भिंतीतून खाली उतरते.

मीझाबइतके लक्ष आपण ज्याच्याकडे देत नाही, अशी दुसरी एक गोष्ट काबागृहाच्या पायथ्याशी आहे. तिला शाझरवान म्हणतात. भिंतीच्या तळाला लागून असलेला, बाहेरच्या बाजूला उतरता संगमरवरी ओटा. भिंतीवरून ओघळलेले पाणी पायाशी न थांबता या उतारावरून दूर जाते. या शाझरवानबद्दल फिक्हमध्ये एक जुनी चर्चा आहे. शाफई मताप्रमाणे तो काबागृहाच्या मूळ पायाचाच भाग आहे. कुरैशांनी भिंत बांधताना ती थोडी आत घेतली. म्हणून त्यावर चढून तवाफ केला तर तो धरला जात नाही. हनफी मताप्रमाणे तो मूळ वास्तूचा भाग नसून पायाच्या मजबुतीसाठी जोडलेला आधार आहे. आमचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत आणि देशावरचे, मराठवाड्यातले बहुतेक हनफी. म्हणजे पायाला दिलेल्या एका उतरत्या ओट्याबद्दल रत्नागिरीच्या आणि औरंगाबादच्या हाजीचे मत वेगळे असू शकते. पण पायाशी पाणी थांबू नये, याबाबत कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही.

एवढी काळजी घेऊनही एप्रिल १६३० मध्ये मक्केत जबरदस्त पाऊस झाला, हरममध्ये पुराचे पाणी शिरले आणि काबागृहाच्या भिंती कोसळल्या. उत्तरेची भिंत गेली, पूर्व आणि पश्चिमेच्या भिंतींचाही भाग गेला. उस्मानी सुलतान मुराद चौथा याच्या काळात ती पुन्हा उभी राहिली आणि आज दिसणारी वास्तू मुख्यतः त्याच बांधकामाची आहे. हे पाणी डोंगरातून आले होते, छपरावरून नाही, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. डोंगराचे पाणी एकट्या घरमालकाच्या हातात नसते. छपराचे पाणी असते. म्हणूनच त्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

उस्मानी सुलतान मीझाब वेळोवेळी नवा करून पाठवत आणि जुना आदराने इस्तंबूलला परत नेत. तिथल्या तोपकापी महालाच्या संग्रहात जुने मीझाब आजही जपलेले आहेत. पाण्याच्या नळीला इतका मान दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल.

खलिफाच्या अंगावर पडलेले पाणी

दुसरी गोष्ट मदिनेची आहे. मुस्नद अहमदमध्ये ती नोंदलेली आहे आणि फकीहांनी ती पुन्हा पुन्हा सांगितली आहे. प्रेषितांचे चुलते हजरत अब्बास (र.) यांच्या घराचा परनाला मशिदीकडे जाणाऱ्या वाटेवर उघडत होता. एका शुक्रवारी खलिफा हजरत उमर (र.) स्वच्छ कपडे घालून नमाजला निघाले. घरात तेव्हा कोंबडीची पिल्ले कापलेली होती. परनाल्यातून रक्तमिश्रित पाणी आले आणि खलिफाच्या अंगावर पडले. त्यांनी परनाला काढून टाकण्याचा हुकूम दिला, घरी जाऊन कपडे बदलले आणि नमाज पढवली. नंतर हजरत अब्बास त्यांच्याकडे आले आणि म्हणाले की तो परनाला खुद्द प्रेषितांनी त्या जागी बसवला होता. हजरत उमर यांनी त्यांना शपथ घातली, की माझ्या पाठीवर चढा आणि तो होता तिथेच पुन्हा बसवा. आणि तसेच झाले.

आपल्या वाज-प्रवचनांत ही गोष्ट खलिफाच्या नम्रतेचे उदाहरण म्हणून येते. ते बरोबरच आहे. पण कायद्याच्या दृष्टीने तिच्यात आणखी काही आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याचा हक्क खरा आहे आणि घरमालकाचा पाणी सोडण्याचा हक्कही खरा आहे. दोन्ही खरे हक्क एकमेकांना भिडले की काय करायचे? शेकडो वर्षे फकीहांनी या प्रश्नाचा कीस पाडला.

हिदाया हा हनफी फिक्हचा प्रसिद्ध ग्रंथ. त्याचे कर्ते इमाम मर्गीनानी इ.स. ११९७ मध्ये वारले. त्यात परनाल्याबद्दल सविस्तर विवेचन आहे. सार्वजनिक रस्त्यावर परनाला काढला आणि तो लोकांना त्रासदायक असेल, तर तो मुळातच गैर. त्रास नसला तरी कोणाही सामान्य माणसाला त्याविरुद्ध तक्रार करता येते. बंद गल्लीचा नियम वेगळा आहे. गल्ली तिथल्या रहिवाशांची सामाईक असते, म्हणून तिच्यात परनाला काढायचा तर सगळ्यांची परवानगी हवी. परनाला तुटून कोणाच्या डोक्यात पडला आणि माणूस दगावला तर काय, याचाही विचार आहे. भिंतीच्या आत असलेले टोक लागले असेल तर मालक जबाबदार नाही, कारण आपल्या भिंतीत नळी बसवणे हा त्याचा हक्क. बाहेर आलेले टोक लागले असेल तर भरपाई द्यावी लागेल, कारण ती जागा त्याची नव्हे. कोणते टोक लागले हे कळतच नसेल, तर अर्धी भरपाई. आज आपल्याला हसू येईल. पण मला यात दाट वस्तीच्या शहरांचा अनुभव दिसतो. ज्या शहरात घराला घर लागून आहे, तिथे हा प्रश्न खरोखर उभा राहत असणार.

हा ग्रंथ भारताच्या इतिहासाशीही जोडलेला आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या प्रोत्साहनाने चार्ल्स हॅमिल्टनने त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो १७९१ मध्ये छापला गेला. कंपनीच्या न्यायालयांतले इंग्रज न्यायाधीश तो पुढ्यात ठेवून मुसलमानांचे खटले चालवत. तिकडे उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात मजल्ला नावाची दिवाणी संहिता तयार झाली. तिच्यात एका घराचे पावसाचे पाणी पूर्वापार शेजाऱ्याच्या जागेतून वाहत असेल तर शेजाऱ्याला ते अडवता येत नाही, असा नियम आहे. जुने आहे ते जुन्याप्रमाणे राहू द्यावे, हे तिचे एक सूत्र. पण त्याला लागूनच दुसरे सूत्र आहे, की नुकसान कितीही जुने असले तरी जुनेपणामुळे ते हक्क होत नाही. माझ्या मते शेजारधर्माचा अर्धा कायदा या दोन सूत्रांत आला.

हे केवळ मुसलमानांच्या कायद्यात आहे असे समजू नये. प्राचीन रोमच्या कायद्यातही शेजाऱ्याच्या जागेत छपराच्या पागोळ्या पडू देण्याचा आणि नळीने पाणी सोडण्याचा असे दोन वेगवेगळे हक्क मानलेले होते. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा आला आणि १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला. उघडपणे, शांतपणे आणि खंड न पडता २० वर्षे उपभोगलेला असा हक्क त्या कायद्याने पक्का होतो. कोर्टात वळचणीच्या पाण्यावरून भाऊबंद उभे राहिलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा आकडा पाठ असतो.

इंग्रजीत चोरून ऐकण्याला ईव्ह्सड्रॉपिंग म्हणतात. मूळ अर्थ पागोळ्या पडतात ती जागा. तिथे उभे राहून घरातले बोलणे ऐकणारा, तो ईव्ह्सड्रॉपर. मराठीत मात्र आपण वळचणीला उभे राहतो ते आसऱ्यासाठी. एकाच जागेवरून एका भाषेला हेर दिसला आणि दुसरीला भिजलेला वाटसरू.

दख्खनचा छज्जा आणि बंगालचा बाक

आता दगडविटांकडे येऊ. पाणी भिंतीपासून दूर ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे छप्परच भिंतीच्या पुढे काढणे. भारतीय कारागिरांना हे फार आधीपासून ठाऊक होते. इराण आणि मध्य आशियाच्या कोरड्या प्रदेशातून आलेली घुमटाची आणि कमानीची कला इथे आली, तेव्हा तिला पहिला धडा पावसाने शिकवला. उघड्या भिंतीच्या इमारतीला छज्जा जोडला गेला.

विजापूरला गेलात तर गोलघुमटाच्या आवाजाच्या सज्जातून खाली उतरल्यावर बाहेरून भिंतींच्या माथ्याकडे जरूर पाहा. दगडी हातांवर पेललेला भला रुंद छज्जा चारही बाजूंनी फिरवलेला आहे. इब्राहीम रौज्याच्या छज्जाखालचे कोरीव हात तर तासन्‌तास बघत राहावेत असे आहेत. छज्जा सावली देतो, नक्षी मिरवतो आणि पावसाची धार भिंतीपासून हातभर नव्हे, चांगली लांब नेऊन टाकतो. एका दगडात तीन कामे. तो घडवणारे हात स्थानिक पाथरवटांचे होते आणि त्यांच्या पूर्वजांनी देवळांनाही असेच छज्जे काढले होते. आपल्या वास्तूंना ‘परकी’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘केवळ आमची’ म्हणणाऱ्यांनीही एकदा पावसात त्या छज्जाखाली उभे राहावे.

बंगालच्या सुलतानांच्या मशिदींनी वेगळी वाट काढली. तिथल्या बांबूच्या झोपडीचे छप्पर मधे उंच आणि कडांना खाली वाकलेले असते, म्हणजे पाणी पटकन निथळते. पांडुआ आणि गौरच्या विटांच्या इमारतींनी तोच बाक आपल्या माथ्यावर घेतला. पुढे हा ‘बंगला’ आकार शाहजहानच्या महालांपर्यंत पोचला. गरिबाच्या झोपडीने बादशहाला पाणी काढण्याची रीत शिकवली.

अहमदाबादच्या पोळांत आणखी पुढचा विचार दिसतो. तिथे जुन्या घरांच्या छपरावरचे पाणी नळीने खाली आणून चौकाखालच्या टाक्यात साठवत. पायाचा शत्रू वर्षभराचे पिण्याचे पाणी झाला. अर्थात टाके चुन्याने पक्के केलेले असले, तरच.

कोकणचे जोते, देशाचे माळवद

महाराष्ट्रात छपराच्या दोन तऱ्हा. कोकणात उतरते छप्पर, देशावर आणि मराठवाड्यात सपाट माळवद. धर्म बदलला म्हणून छप्पर बदलत नाही. पाऊसमान बदलले की बदलते. दापोलीच्या मुसलमानाचे घर शेजारच्या ब्राह्मणाच्या घरासारखे असते, बीडच्या मुसलमानाच्या घरासारखे नसते.

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २० फूट बाय ३० फुटांचे घर म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. एका पावसाळ्यात त्यावर सुमारे १ लाख ६८ हजार लिटर पाणी पडते, १० हजार लिटरचे जवळजवळ १७ टँकर. हे सगळे पाणी चार भिंतींच्या कडेला उतरणार. म्हणून जुन्या लोकांनी जांभ्याचे उंच जोते बांधले, छप्पर पडवीच्याही पुढे ओढले, पागोळ्यांच्या रेषेत दगड बसवले आणि त्यांच्या बाहेरून चर काढला. पोफळीचे खोड उभे चिरून, कोरून केलेली पन्हळ दोन छपरांच्या मधले पाणी बाहेर नेई. वाऱ्याबरोबर येणाऱ्या झडीसाठी झावळ्यांचे झाप भिंतीला बांधत. दर उन्हाळ्याच्या शेवटी घर शाकारले जाई. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी कौले पुढे कोकणभर पसरली. छप्पर बदलले, पण वळचण आणि चर राहिले.

देशावर पाऊस थोडा, पण जमीन अवघड. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. घराच्या एका कोपऱ्यात पाणी मुरत राहिले तर तेवढाच कोपरा वर-खाली होतो आणि भिंतीला तिरकी चीर जाते. माळवदाचे पाणी एकाच पन्हळीतून एकाच जागी धो-धो पडते, म्हणून तर धोका अधिक. जुने गवंडी पन्हळ भिंतीपासून हातभर बाहेर काढत आणि धार पडेल तिथे मोठी शिळा ठेवत. मराठवाड्यात सरासरी ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी तेवढ्याच छपराचे ३९ हजार लिटर पाणी होते. ते चार महिन्यांत एका शिळेवर पडणार.

आज आपल्या मोहल्ल्यात

हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या वस्त्यांत माळवदे आणि कौले गेली, स्लॅब आला. ही चांगलीच गोष्ट आहे. पण छज्जा आखडला, कारण जागा नाही. पन्हळीच्या जागी प्लास्टिकचा पाइप आला आणि तो बहुतेक घरांत जोत्याच्या कोपऱ्यावरच संपतो. छपराचे सगळे पाणी आपण नळीत गोळा करून, जणू नेम धरून, पायातच ओततो. जुन्या मशिदींपुढे नमाजींच्या सोयीसाठी पत्र्याचे मंडप टाकले जातात. सोय हवीच. पण पत्र्याचा उतार जुन्या भिंतीकडे असेल तर तीनशे वर्षे कोरडा राहिलेला चुन्याचा पाया दहा पावसाळ्यांत ओला होतो. मग खालची नक्षी झडते, पोपडे येतात आणि आपण वर रंगाचा हात मारतो. रंगाने ओल झाकली जाते, थांबत नाही. ट्रस्टच्या सभेत मिनाराच्या उंचीवर तास जातो, मंडपाच्या उतारावर मिनिटही जात नाही.

मी ज्या गल्लीत वाढलो तिथे दोन सख्ख्या चुलत घराण्यांत एका पाइपवरून बोलचाल बंद झाली, ती पुढच्या पिढीतही सुरू झालेली नाही. ईदला दोन्ही घरांतला शीरखुर्मा गल्लीभर जातो, एकमेकांकडे जात नाही. पाइपला एक कोपर आणि आठ फूट लांबी जोडली असती तर पाणी गटारात गेले असते. एवढ्याच्या आत हिदायाचा आख्खा अध्याय आणि हजरत उमर यांची वाकलेली पाठ सामावली आहे, असे मला वाटते.

उपाय जुनेच आहेत आणि स्वस्त आहेत. पाइपचे तोंड जोत्यापासून किमान चार-पाच फूट लांब नेऊन गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात सोडावे. शोषखड्डा मात्र भिंतीला चिकटून नको. घराभोवती मीटरभर रुंदीची फरशी किंवा कोबा करून त्याला बाहेरच्या बाजूला ढाळ द्यावा. पन्नास फुटांना एक फूट, एवढा ढाळ पुरतो. हेच तर शाझरवानचे तत्त्व. मृगाच्या आधी पन्हळी आणि पाइप साफ करावेत. आणि पाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे जात नाही ना, हे त्याने सांगण्यापूर्वी आपण जाऊन पाहावे.

प्रेषितांच्या मदिनेतल्या पहिल्या मशिदीचे छप्पर खजुराच्या झावळ्यांचे होते. रमजानच्या एका रात्री पाऊस पडून ते गळले आणि सकाळी प्रेषितांच्या कपाळावर चिखलाच्या खुणा होत्या, असे बुखारीच्या हदीसमध्ये आहे. गळक्या छपराखाली सजदा करायला त्यांना संकोच वाटला नाही. पण आपल्या छपराचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीत मुरवून केलेल्या सजद्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरमालकाने पाऊस सुरू होण्याआधी स्वतःला विचारावा. भिंतीतली चीर लिंपता येते. शेजाऱ्याच्या मनात गेलेली चीर लिंपायला गवंडी मिळत नाही.